डार्ट्स खेळून पोट कसं भरतं?

व्यावसायिक डार्ट्सपटूला पगार नसतो. संघ नसतो, संघमालक नसतो आणि नेहमीच्या स्पर्धांत हजेरीचे पैसेही मिळत नाहीत. जिंकलं तर बक्षीस, हरलं तर प्रवासाचा आणि हॉटेलचा खर्च खिशातून. टीव्हीवर दिसतात ते हजारो प्रेक्षक, भडक रंगांचे शर्ट आणि १८०, म्हणजे तीन डार्टचे सर्वाधिक गुण, झाल्यावरची ती लांबलचक आरोळी. तो या व्यवसायाचा अगदी वरचा थर. त्याखाली जे चालतं ते समजून घ्यायला दोन मापं लक्षात ठेवावी लागतात: आठ मिलिमीटर आणि दोन वर्षं. बोर्डावरची डबलची पट्टी आठ मिलिमीटर रुंद असते, आणि खेळाडूचं रँकिंग गेल्या दोन वर्षांत त्यानं जिंकलेल्या रकमेवर ठरतं. त्या पट्टीत डार्ट गेला की नाही, यावर दोन वर्षांचा हिशेब वरखाली होतो.

बोर्ड आणि ५०१ चा खेळ

बोर्ड सायझलच्या तंतूंचा, घट्ट दाबून बनवलेला असतो. व्यास ४५१ मिलिमीटर. मधला बुल जमिनीपासून बरोबर १.७३ मीटर उंचीवर, आणि खेळाडू जिच्यामागे उभा राहतो ती रेषा, म्हणजे ओकी, बोर्डाच्या पृष्ठभागापासून २.३७ मीटरवर. बोर्डाचे २० भाग. त्यांतून दोन गोल पट्ट्या जातात: आतली ट्रेबल, तिथे आकडा तिप्पट, अगदी बाहेरची डबल, तिथे दुप्पट. मधल्या लाल बुलचा व्यास १२.७ मिलिमीटर, त्याचे ५० गुण. त्याभोवतीच्या हिरव्या कड्याचे २५.

ट्रेबल २० हा सगळ्यात मोठा, ६० गुणांचा कप्पा. तो सुमारे ३२ मिलिमीटर लांब आणि ८ मिलिमीटर उंच असतो. त्याच्या एका बाजूला ५, दुसऱ्या बाजूला १. आकड्यांची मांडणी मुद्दाम अशी आहे की नेम जरा डावी-उजवीकडे सरकला की शिक्षा मिळावी. ६० च्या जागी १ मिळतो तेव्हा ५९ गुणांचं नुकसान होतं, आणि डार्ट चुकलेला असतो अवघा दोन बोटं.

बहुतेक मोठ्या स्पर्धांत ५०१ खेळतात. दोघेही ५०१ वरून सुरू करतात, आळीपाळीने तीन-तीन डार्टची एकेक खेप मारतात, मिळालेले गुण वजा होत जातात. बरोबर शून्यावर यायचं आणि शेवटचा डार्ट डबलमध्ये किंवा लाल बुलमध्येच असला पाहिजे. शून्याखाली गेलात, १ उरला, किंवा डबलशिवाय शून्य झालं, तर ती संपूर्ण खेप बाद आणि गुणसंख्या खेपेच्या आधी होती तिथे परत. असा एक डाव म्हणजे लेग. काही स्पर्धा नुसत्या लेगवर खेळतात. जागतिक स्पर्धेत मात्र तीन लेग जिंकले की एक सेट, आणि अंतिम सामन्यात सात सेट जिंकणारा विजेता.

खेळाडूची ताकद मोजायची पद्धत म्हणजे सरासरी: एकूण मिळवलेले गुण भागिले मारलेले डार्ट, गुणिले तीन. १५ डार्टमध्ये लेग संपवला की सरासरी १००.२ येते, १८ डार्टमध्ये संपवला की ८३.५. म्हणजे चांगला आणि अव्वल यांच्यात लेगमागे फरक फक्त एका खेपेचा. टीव्हीवरच्या सामन्यांतला १२३.४० चा विक्रम मायकेल व्हॅन गर्वेनने २०१६ साली अ‍ॅबरडीनला प्रीमियर लीग या डार्ट्स स्पर्धेत केला. कारकीर्द मात्र अशा एका रात्रीवर उभी राहत नाही. वर्षभर, सकाळी दहा वाजता, प्रेक्षक नसलेल्या हॉलमध्येही नव्वदीच्या घरात राहता येतं का, हा खरा प्रश्न असतो.

आकडेमोड हाताइतकीच महत्त्वाची

नवख्या प्रेक्षकाला १८० दिसतो. जाणकार बघतो की शेवटी उरलं किती. तीन डार्टमध्ये जास्तीत जास्त १७० संपवता येतात: ट्रेबल २०, ट्रेबल २०, बुल. त्याखालचे १६९, १६८, १६६, १६५, १६३, १६२ आणि १५९ हे सात आकडे तीन डार्टमध्ये संपतच नाहीत. खेळाडू ते टाळून आपला आकडा बेतत येतो. समजा १८६ उरलेत आणि हातात खेपेतला शेवटचा डार्ट आहे. सवयीने २० कडे मारला आणि साधा २० लागला, तर उरतात १६६, म्हणजे पुढच्या खेपेला लेग संपणं अशक्य. तोच डार्ट १९ कडे मारला आणि साधा १९ लागला, तर १६७ उरतात: ट्रेबल २०, ट्रेबल १९, बुल. प्रतिस्पर्धी ४० वर उभा असताना हा फरक जीवघेणा असतो.

आता ९६ उरलेत असं धरा. पहिला डार्ट ट्रेबल २० वर. लागला तर ३६ उरले, डबल १८. साधा २० लागला तर ७६, म्हणजे ट्रेबल २० आणि डबल ८. घसरून ५ मध्ये गेला तर ९१: ट्रेबल १७ आणि डबल २०. उजवीकडे १ मध्ये गेला तर ९५: ट्रेबल १९ आणि डबल १९. हे चारही रस्ते डार्ट बोर्डात रुतायच्या आधी डोक्यात तयार हवेत. रेषेवर उभं राहून बेरीज-वजाबाकी करत बसलं की हाताची लय तुटते, आणि लय तुटलेला डार्ट सहसा पट्टीबाहेर जातो.

डबल निवडण्यातही शहाणपण आहे. ३२ उरवायची सवय पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, ती डबल १६ साठी. तो चुकून साधा १६ लागला तर डबल ८, तिथे साधा ८ लागला तर डबल ४, मग डबल २, मग डबल १. हा आकडा चार वेळा अर्धा होतो आणि प्रत्येक वेळी समोर डबल असतो. उलट ३६ वर डबल १८ चुकून साधा १८ लागला तर डबल ९, आणि तिथे साधा ९ लागला की विषम आकडा उरतो. तो सम करण्यात एक डार्ट वाया जातो. डबलच्या बाहेरच्या कडेच्या तारेपलीकडे गेलेला डार्ट तर काहीच कमी करत नाही, म्हणून पुष्कळ जण डबलवर नेम धरताना बाहेरून आत येतात. चुकायचंच असेल तर आकडा बिघडू नये, हा त्यामागचा विचार.

चांगले व्यावसायिक खेळाडू डबलवर मारलेल्या डार्टांपैकी ४० टक्क्यांच्या आसपास लावतात. हे ऐकून नवख्याला आश्चर्य वाटतं, पण गणित करून बघा: ४० टक्के दराने तीनही डार्ट डबलवर मारायला मिळाले, तरी साधारण पाचांतली एक खेप रिकामी जाते. २०२३ च्या जागतिक अंतिम सामन्यात व्हॅन गर्वेनचे पहिले आठ डार्ट अचूक लागले. नववा डबल १२ वर चुकला. मायकेल स्मिथने त्याच लेगमध्ये, लगेचच्या खेपेत, त्याच डबल १२ वर आपला नऊ डार्टांचा, म्हणजे शक्य तितका सर्वांत छोटा, लेग पूर्ण केला. सामना आणि विश्वविजेतेपदही स्मिथने घेतलं.

हातातलं हत्यार

डार्टचे चार भाग: पोलादी टोक, धातूचं बॅरल, मागची दांडी म्हणजे शाफ्ट, आणि पंख म्हणजे फ्लाइट. बॅरल टंगस्टनच्या मिश्रधातूचं असतं. टंगस्टन पितळेच्या दुपटीहून जड, त्यामुळे तेवढ्याच वजनाचं बॅरल बारीक करता येतं, आणि बारीक बॅरल असेल तरच तीन डार्ट ३२ मिलिमीटरच्या कप्प्यात शेजारीशेजारी मावतात. व्यावसायिकांचे डार्ट बहुधा २० ते २५ ग्रॅमचे असतात. नियमाची कमाल मर्यादा ५० ग्रॅम आहे, तिच्या जवळपासही कोणी जात नाही.

मोठा फ्लाइट डार्टला स्थिर ठेवतो पण वेग कमी करतो. लहान फ्लाइट वेगवान पण हाताच्या चुका माफ न करणारा. शाफ्ट लांब केला की वजनाचा तोल मागे सरकतो. टोकाला घासून आलेलं बारीक कुसळ राहिलं की डार्ट काढताना तंतू उपसले जातात आणि बोर्ड लवकर मरतो. म्हणून खडबडीत दगडावर टोक हलकं फिरवून गोलसर ठेवतात. सुईसारखं अणकुचीदार करणं चूक आहे. टोक तारेवर आपटून डार्ट खाली पडला तर त्याचे गुण शून्य, आणि तो परत मारायला मिळत नाही.

पीटर राइट सामन्यागणिक डार्ट बदलतो आणि २०२० व २०२२ असा दोनदा विश्वविजेता झाला आहे. पण तो अपवाद. खेळ बिघडला की साहित्य बदलण्याची ओढ फार जबर असते, आणि बहुतेकांच्या बाबतीत ती घातक ठरते. दोन गोष्टी एकदम बदलल्या की बिघाड हातात होता की डार्टमध्ये, हे पुढे कळेनासं होतं. बदलायचंच असेल तर एका वेळी एकच भाग, आणि तोही स्पर्धा नसलेल्या आठवड्यात.

फेक

उजव्या हाताने मारणारा उजवा पाय पुढे ठेवतो, बहुतेक भार त्याच पायावर. खांदा स्थिर, दंड जवळजवळ स्थिर, फिरतं ते कोपरापासून पुढचं. डार्ट सुटल्यावर हात लक्ष्याच्या दिशेने सरळ होऊन थांबतो. डार्ट सुटतो ती जागा बोर्डापासून पावणेदोन मीटरच्या आसपास असते. तिथून डबलच्या मध्यावर धरलेला नेम पट्टीबाहेर जायला कोनात साधारण एक-दशांश अंशाहून थोडाच जास्त फरक पुरतो. वेगात शंभरात एकाचा फरक पडला तरी टोक काही मिलिमीटर वरखाली होतं.

चुका ओळखायच्या तर डार्ट कुठे जातायत ते बघावं. सतत एकाच बाजूला जात असतील तर कोपर बाहेर उघडतंय किंवा पाय सरकलाय. खाली पडत असतील तर हात अर्ध्यात थांबतोय, किंवा डार्ट उशिरा सुटतोय. हवेत शेपटी हलत असेल तर बोटं एकदम सुटत नाहीत, एखादं बोट मागे रेंगाळतंय. थकल्यावर बहुतेक वेळा हात अर्ध्यात थांबण्याचीच चूक होते, म्हणून संध्याकाळच्या सामन्यांत कमी पडणारे डार्ट जास्त दिसतात.

रुतलेला पहिला डार्ट जर ट्रेबल २० वर आडवा आला, तर हट्टाने तिथेच मारत राहू नये. खाली ट्रेबल १९ वर यावं. तीन गुणांचा तोटा आहे, पण रस्ता मोकळा असतो. अव्वल खेळाडू हा निर्णय क्षणात घेतात आणि तो त्यांच्या सरासरीत दिसतो.

सराव म्हणजे तासन्‌तास ट्रेबल २० वर मारणं नव्हे. डबलच्या सरावाचा उत्तम प्रकार आहे 'बॉब्ज २७', माजी विश्वविजेता बॉब अँडरसनच्या नावाचा. २७ गुणांपासून सुरुवात. डबल १ वर तीन डार्ट. जितके लागतील तितक्या वेळा २ मिळवायचे, एकही लागला नाही तर २ वजा. मग डबल २ वर तीन डार्ट, तिथे चारचा हिशेब, आणि असं डबल २० पर्यंत, शेवटी बुल. शून्याखाली गेलात की खेळ संपला. सगळेच लागले तर १४३७ होतात, पण तो आकडा कागदावरच. मधल्या आठ-दहा डबलांवर धीर सुटतो की नाही, हे कळण्यासाठी हा सराव. त्यात चुकीची किंमत लगेच मोजावी लागते, आणि नुसत्या मोकळ्या फेकीपेक्षा तो सामन्याच्या जास्त जवळ जातो.

टूर कार्ड: धंद्याचा परवाना

आजच्या व्यावसायिक डार्ट्सवर पीडीसी (प्रोफेशनल डार्ट्स कॉर्पोरेशन) या संस्थेचा पगडा आहे. १९९२ मध्ये १६ आघाडीचे खेळाडू जुन्या ब्रिटिश संघटनेपासून फुटले. त्यांची पहिली स्वतंत्र जागतिक स्पर्धा १९९४ मध्ये झाली आणि ती डेनिस प्रीस्टलीने जिंकली. पुढे फिल टेलरने या स्पर्धेची १४ विजेतेपदं घेतली, जुन्या संघटनेची दोन धरून एकूण १६.

पीडीसीच्या नियमित दौऱ्यावर फक्त १२८ जण असतात. त्यांच्याकडे टूर कार्ड असतं. नवं कार्ड दोन वर्षांचं. वर्षाअखेर मुख्य रँकिंगमध्ये पहिल्या ६४ मध्ये असलेल्यांचं कार्ड टिकतं. मुदत संपली आणि ६४ च्या बाहेर आहात, तर कार्ड गेलं.

कार्ड मिळवण्याचा मोठा रस्ता म्हणजे जानेवारीतलं क्यू-स्कूल. एक ब्रिटनमध्ये, एक युरोपच्या मुख्य भूमीवर. आधी प्राथमिक टप्पा, मग अंतिम टप्पा, सगळं आठवडाभरात. अंतिम टप्प्यात रोज शेवटपर्यंत टिकणाऱ्यांना थेट कार्ड. उरलेली कार्डं अंतिम टप्प्यात जिंकलेल्या सामन्यांच्या गुणतक्त्यावरून. म्हणजे एखादा दिवस जादू करूनही चालतं किंवा रोज दोन-तीन सामने नेटाने जिंकूनही. आमच्या मते दुसऱ्या मार्गाने आलेले खेळाडू पुढे जास्त टिकायला हवेत, कारण दौऱ्यावर हीच गोष्ट रोज करायची असते.

दुसरे दोन दरवाजे आहेत. क्यू-स्कूलमध्ये कार्ड न मिळालेल्यांसाठी चॅलेंज टूर, तरुणांसाठी डेव्हलपमेंट टूर. दोन्हींतल्या वर्षभराच्या पहिल्या दोघांना कार्ड. रॉब क्रॉस इलेक्ट्रिशियन होता. २०१६ मध्ये चॅलेंज टूर गाजवून त्यानं कार्ड मिळवलं, २०१७ हे त्याचं पहिलं व्यावसायिक वर्ष, आणि १ जानेवारी २०१८ रोजी त्यानं फिल टेलरला ७-२ ने हरवून जागतिक विजेतेपद घेतलं. टेलरचा तो शेवटचा व्यावसायिक सामना होता. इतकी झेप फार क्वचित कोणी घेतं. बाकीच्यांनी पहिल्या वर्षाकडे शिकण्याचं वर्ष म्हणून बघावं आणि नोकरी सोडण्याआधी दुसऱ्या वर्षाचा खर्च बाजूला ठेवावा.

टीव्हीबाहेरचे दिवस

कार्डधारकाचं खरं काम चालतं प्लेअर्स चॅम्पियनशिप स्पर्धांत. वर्षभरात अशा तिसाहून अधिक होतात. लेस्टर, विगन, हिल्डेसहाइम अशा ठिकाणी मोठ्या हॉलमध्ये ओळीने बोर्ड लावलेले असतात, एकाच वेळी कितीतरी सामने चालतात, प्रेक्षक नसतात. १२८ जणांचा ड्रॉ, सुरुवातीला सहा लेग आधी जिंकणारा पुढे. विजेतेपदासाठी एका दिवसात सात सामने. बहुधा लागोपाठ दोन दिवस दोन स्पर्धा, म्हणजे एका प्रवासात दोन संधी.

पहिल्या फेरीत हरणाऱ्याला या स्पर्धांत पूर्वापार काहीच मिळत आलेलं नाही. ५-५ अशी बरोबरी, शेवटचा लेग, तुमच्यापुढे डबल १६, आणि डार्ट तारेबाहेर एका मिलिमीटरवर. दुपारच्या आत दिवस संपला. कमाई शून्य, खर्च पूर्ण, आणि रँकिंगमध्येही भर शून्य. तो डार्ट आत गेला असता तर बक्षीसही मिळालं असतं आणि पुढचा सामनाही.

लेगमध्ये आधी कोण मारतं याला इथे फार वजन आहे. दोघेही १५ डार्टमध्ये लेग संपवणारे असतील तर आधी मारणाराच जिंकतो. सामन्याची पहिली फेक बुलच्या सर्वांत जवळ डार्ट लावणाऱ्याला मिळते, पुढे आळीपाळीने. अकरावा, निर्णायक लेगही पहिल्या लेगच्याच माणसाच्या वाट्याला येतो. बुलवरचा तो एक डार्ट म्हणूनच हलक्यात घेऊ नये. सामना सुरू व्हायच्या आधीच तो अर्धा झुकलेला असतो.

रँकिंग म्हणजे बक्षिसांची खातेवही

मुख्य रँकिंगला ऑर्डर ऑफ मेरिट म्हणतात. त्यात गुण नसतात, पौंड असतात. दोन वर्षांत रँकिंगच्या स्पर्धांत जिंकलेली रक्कम म्हणजे तुमचा क्रमांक. आजच्या तारखेला दोन वर्षांपूर्वीची रक्कम गळून पडते. तिच्या जागी तेवढीच नवी कमावली तर जागा राखली, नाहीतर घसरण. खेळाडू याला पैसे राखणं म्हणतात.

मायकेल स्मिथचं उदाहरण बोलकं आहे. २०२३ च्या विजेतेपदाचे ५ लाख पौंड त्याला दुसऱ्या क्रमांकावर ठेवून होते. डिसेंबर २०२४ मध्ये तो जागतिक स्पर्धेत केव्हिन डूट्सकडून ३-२ ने हरला. दोन वर्षांपूर्वीचे ते ५ लाख एकदम वजा झाले आणि तो एका झटक्यात खूप खाली गेला. त्याचा खेळ एका दिवसात तेवढा बिघडला नव्हता, फक्त वहीतली एक मोठी नोंद जुनी झाली होती.

२०२६ च्या जागतिक स्पर्धेपासून ही दरी आणखी रुंद झाली. लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधल्या या स्पर्धेत आता १२८ जण खेळतात. एकूण बक्षिसं ५० लाख पौंड, विजेत्याला १० लाख, उपविजेत्याला ४ लाख, उपांत्य फेरीत हरणाऱ्यांना प्रत्येकी २ लाख, पहिल्या फेरीत हरणाऱ्यालाही १५ हजार. खालच्या खेळाडूसाठी हे १५ हजार संपूर्ण वर्षाचा हिशेब फिरवणारे असतात. शरद ऋतूत रँकिंगच्या काठावर असलेल्यांच्या चेहऱ्यावर जो ताण दिसतो तो विजेतेपदाचा नसतो, या स्पर्धेत नाव लागतंय की नाही याचा असतो. पण एकट्या स्पर्धेला इतकं वजन दिल्याने वर्षभर सातत्य राखणाऱ्यावर अन्याय होतो, असं आम्हाला वाटतं. एक चांगला पंधरवडा दोन वर्षं पुरतो आणि संपूर्ण वर्षाची मेहनत त्यापुढे फिकी पडते.

बाकीच्या मोठ्या स्पर्धांत प्रत्येकीची परीक्षा वेगळी. ब्लॅकपूलच्या वर्ल्ड मॅचप्लेमध्ये सेट नाहीत, लांबलचक लेग आणि दोन लेगच्या फरकाने विजय. वर्ल्ड ग्रँड प्रीमध्ये लेग सुरू करतानाही डबल लागावा लागतो, तिथे भलेभले पहिल्या फेरीत अडखळतात. प्रीमियर लीगमध्ये आठच जण: रँकिंगचे पहिले चार आणि चार निमंत्रित. तिथला पैसा मोठा, पण तो रँकिंगमध्ये धरला जात नाही. त्यामुळे फेब्रुवारी ते मे दर गुरुवारी तिथे खेळून बँक खातं भरतं आणि रँकिंगचे आठवडे मात्र थकलेल्या हाताने खेळावे लागतात.

बक्षिसांपलीकडे शर्टावरचे प्रायोजक, स्वतःच्या नावाचे डार्ट आणि प्रदर्शनीय सामने ही कमाई. व्यवस्थापक त्यातून टक्केवारी घेतो. करारात ती फक्त प्रायोजकांच्या पैशावर आहे की बक्षिसांवरही, हे सही करण्याआधी शब्दन्‌शब्द वाचावं. तरुण खेळाडू सगळ्यात जास्त इथेच फसतात. शिस्तीचे नियम वेगळे: डार्ट्सवर पैज लावायला खेळाडूंना पूर्ण बंदी आहे, स्वतःच्या सामन्यावरच नव्हे तर कुणाच्याही. आणि हृदयाचे ठोके मंदावणारी बीटा-ब्लॉकर गटातली औषधं स्पर्धेच्या काळात निषिद्ध, कारण थरथर कमी होणं म्हणजे इथे थेट फायदा.

हात सुटत नाही तेव्हा

या व्यवसायातली सगळ्यात भीतीदायक गोष्ट म्हणजे डार्टायटिस. हात मागे येतो, पुढे जातो, पण बोटं डार्ट सोडत नाहीत. पाच वेळचा विश्वविजेता एरिक ब्रिस्टो १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात याच्या तावडीत सापडला आणि पुन्हा कधीही विश्वविजेता झाला नाही. २०१७ च्या ग्रँड स्लॅममध्ये बेरी व्हॅन पीरची ती झुंज जगाने टीव्हीवर पाहिली. एकेक डार्ट सोडायला त्याला कितीतरी प्रयत्न करावे लागत होते. तो खेळत राहिला आणि पुढे टूर कार्डही मिळवलं, ही या खेळातल्या धैर्याची मोठी गोष्ट आहे.

यावर एकच हमखास उपाय नाही. पकड बदलणं, मोजून लय धरणं, लक्ष्य न बघता नुसती फेक परत शिकणं, मानसोपचारतज्ज्ञाची मदत, अशा वाटा खेळाडू चोखाळतात. जिद्दीने आणखी तास मारत बसणं मात्र बहुधा अडकण्याची सवयच पक्की करतं. ल्यूक हम्फ्रीज डार्टायटिसने नव्हे, पण चिंतेच्या झटक्यांनी बेजार होता आणि त्याबद्दल तो उघड बोलला. २०२४ मध्ये तोच विश्वविजेता झाला. अंतिम सामन्यात त्यानं हरवलेला ल्यूक लिटलर तेव्हा १६ वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी, १७ व्या वर्षी, लिटलर विजेता झाला आणि २०२६ मध्ये त्यानं विजेतेपद राखलं.

डार्ट्समध्ये ताकदीचा प्रश्न नसल्याने स्त्री-पुरुष एकाच ड्रॉमध्ये खेळतात. फॅलन शेरॉकने डिसेंबर २०१९ मध्ये पीडीसीच्या जागतिक स्पर्धेत सामना जिंकणारी पहिली स्त्री म्हणून नाव कोरलं, आणि एकावर न थांबता दोन सामने जिंकले. लिसा अ‍ॅश्टनने २०२० मध्ये क्यू-स्कूलमधून कार्ड मिळवलं. २०२५ मध्ये ब्यू ग्रीव्ह्सने जागतिक युवा स्पर्धेच्या उपांत्य फेरीत लिटलरला ६-५ ने हरवलं. मुली मागे राहिल्या त्या संधी आणि सामन्यांची संख्या कमी पडल्याने. नियमित दौऱ्यावर नव्वदच्या सरासरीची सवय रोजच्या सामन्यांतूनच लागते, आणि ते सामने त्यांना आत्ता कुठे मिळू लागलेत.

कार्ड गेल्यावर

वय इथे लगेच आडवं येत नाही. पन्नाशीतले खेळाडूही दौऱ्यावर आहेत. आधी कुरकुरतात ते डोळे, कोपर, खांदा आणि कंबर, कारण वर्षानुवर्षं एकाच पायावर झुकून एकच हालचाल हजारो वेळा केलेली असते. विरुद्ध बाजूचा व्यायाम आणि लांब प्रवासानंतर सरावाआधी अंग मोकळं करणं, एवढंही पुष्कळ जण करत नाहीत.

कार्ड गेलं की त्याच जानेवारीत क्यू-स्कूलला नव्याने नाव नोंदवता येतं. अंतिम टप्प्यात जुन्या विजेत्यालाही इतरांसारखेच सामने, तसाच गुणतक्ता. तिथेही जमलं नाही तर चॅलेंज टूर. पाच वेळचा विश्वविजेता रेमंड व्हॅन बार्नेव्हेल्डने २०१९ अखेर निवृत्ती घेतली, नंतर निर्णय बदलला, फेब्रुवारी २०२१ मध्ये क्यू-स्कूलमधून कार्ड परत मिळवलं आणि त्याच मार्चमध्ये एक प्लेअर्स चॅम्पियनशिप जिंकली. त्याच्या खात्यातली जुनी सगळी रक्कम तोवर पुसली गेली होती.